हूकचा नियम आणि हूकच्या खोल्या

रॉबर्ट हूक हे नाव ऐकलं नाही असं सांगणारा इंजिनीअर आपल्या कॉलेजात सापडणं कठीण. अकरावीच्या फिजिक्समध्ये तो स्प्रिंग घेऊन भेटतो. सेकंड इयरला एसओएमच्या लॅबमध्ये यूटीएमवर माइल्ड स्टीलचा रॉड ताणायला लावला की ग्राफ सुरुवातीला ज्या सरळ रेषेत वर चढतो, ती रेषा त्याची. टीओएमच्या पेपरात हूक्स जॉइंट येतो, आणि हायवेवर पुढे चाललेल्या ट्रकखाली डोकावलं तर प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला तोच जॉइंट फिरताना दिसतो.

पण आपल्यापैकी बहुतेकांनी दहावी-बारावीनंतर बायोलॉजीला कायमचा रामराम ठोकलेला असतो. त्यामुळे शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात पेशीचा धडा होता आणि त्याच्या सुरुवातीलाच याच माणसाचं नाव होतं, हे आपण साफ विसरून जातो. काहींना तर वाटतं की स्प्रिंगवाला हूक वेगळा आणि पेशीवाला हूक वेगळा. तसं नाही. माणूस एकच. आणि त्याच्या डोक्यात स्प्रिंग आणि पेशी या दोन गोष्टी फारशा लांब नव्हत्या.

गंमत अशी की या माणसाचा चेहरा कसा होता हे आज कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. त्याचं एकही अस्सल म्हणता येईल असं चित्र शिल्लक नाही. असं का झालं, तीही एक कथाच आहे. पण आधी सुरुवातीपासून बघू.

लाकडाचं घड्याळ

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आइल ऑफ वाइट नावाचं एक बेट आहे. तिथल्या फ्रेशवॉटर गावी १८ जुलै १६३५ रोजी हूकचा जन्म झाला. वडील तिथल्या चर्चमध्ये धर्मगुरू. पोरगं जन्मापासून किडकिडीत, सदा आजारी, सतत डोकेदुखी. हे काही जगत नाही, असंच घरच्यांनी धरलं होतं. शिकवायला बसवलं की डोकं धरायचं, म्हणून वडिलांनी अभ्यासाचा नाद सोडला आणि त्याला मोकळं सोडून दिलं.

मोकळं सोडल्यावर त्याने काय केलं? घरातलं एक जुनं पितळी घड्याळ उघडून बघितलं आणि तसंच दुसरं लाकडाचं करून चालवून दाखवलं. मग एक हातभर लांबीचं खेळण्यातलं जहाज केलं, दोरखंड-शिडांसकट. त्यावर छोट्या तोफा बसवल्या आणि त्या उडतील अशी व्यवस्थाही केली.

१६४८ मध्ये वडील वारले. हूक तेव्हा तेरा वर्षांचा. वाट्याला आलेले थोडेसे पौंड खिशात घालून पोरगं लंडनला आलं. चित्रकला बरी होती म्हणून पीटर लेली या नामांकित चित्रकाराकडे काही दिवस उमेदवारी केली, पण रंगांच्या वासाने डोकं आणखीच दुखायला लागलं. शेवटी तो वेस्टमिन्स्टर स्कूलमध्ये दाखल झाला. तिथले हेडमास्तर डॉ. बझ्बी कडक म्हणून प्रसिद्ध होते, पण या पोरात काहीतरी आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. तिथे हूक लॅटिन-ग्रीक शिकला, ऑर्गन वाजवायला शिकला, आणि युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं त्याने आठवड्याभरात संपवली असं सांगतात. याच वयात त्याच्या पाठीला बाक यायला लागला. तासन्‌तास लेथवर वाकून काम केल्याने असं झालं, अशी त्याची स्वतःची समजूत होती. कारण काहीही असो, बाक जन्मभर राहिला आणि वयाबरोबर वाढत गेला.

दुसऱ्याच्या लॅबमधला असिस्टंट

१६५३ च्या सुमाराला हूक ऑक्सफर्डला गेला. फी भरायची ऐपत नाही, म्हणून चर्चच्या गायकवृंदात गाणं आणि पैसेवाल्या विद्यार्थ्यांची वरकामं करणं, असा खर्च भागवत शिकला. तिथेच त्याला रॉबर्ट बॉइलकडे असिस्टंटची नोकरी लागली. बॉइल म्हणजे अर्ल घराण्यातला श्रीमंत गृहस्थ. प्रयोगांचा नाद मोठा, पण यंत्र घडवणारा हात हवा होता. तो हूकने दिला.

१६५९ च्या सुमारास हूकने बॉइलसाठी हवेचा पंप बनवला. काचेच्या मोठ्या गोळ्यातून हवा उपसून काढायची आणि आत काय होतं ते बघायचं. मेणबत्ती विझते, घंटेचा आवाज ऐकू येईनासा होतो, पक्षी गुदमरतो. याच कामातून १६६२ मध्ये बॉइलचा नियम छापून आला. दाब वाढला की आकारमान त्याच प्रमाणात कमी. हवा दाबली की ती परत उसळते, म्हणजे हवा ही सुद्धा एक स्प्रिंगच आहे, ही कल्पना हूकच्या मनात इथे पक्की बसली. पुढे ती कुठे उपयोगी पडली ते आता बघायचंच आहे.

१६६० मध्ये लंडनला रॉयल सोसायटी स्थापन झाली. दर आठवड्याला सभासद जमायचे आणि प्रयोग बघायचे. पण प्रयोग करून दाखवणार कोण? १६६२ च्या नोव्हेंबरात सोसायटीने हूकला क्युरेटर नेमलं. काम काय, तर दर बैठकीला तीन-चार महत्त्वाचे प्रयोग तयार ठेवायचे, शिवाय सभासद ऐन वेळी जे सुचवतील तेही. आपल्याला एका सेमिस्टरला आठ-दहा प्रॅक्टिकल म्हणजे जीव जातो. हूकने हा रगाडा वर्षानुवर्षं ओढला. पगार कागदावर चांगला, हातात पडायची मारामार. सर जॉन कटलर या धनिकाने व्याख्यानांसाठी वर्षाला ५० पौंड द्यायचं कबूल करून ते थकवले. हूकने कोर्टात भांडून ते पैसे मिळवले, पण निकाल लागायला १६९६ साल उजाडलं.

सभासद मंडळींत सरदार होते, डॉक्टर होते, श्रीमंत हौशी लोक होते. पगार घेऊन विज्ञान करणारा हा बहुधा इंग्लंडमधला पहिलाच माणूस. साहजिकच त्याच्याकडे काहीजण बरोबरीने बघायचे, तर काहीजण कारागीर म्हणून. ही सल त्याच्या मनात राहिली असावी. पुढच्या भांडणांचं मूळ शोधायचं तर ते इथेही सापडतं.

बुचाचा काप

१६६५ च्या जानेवारीत हूकचं मायक्रोग्राफिया हे पुस्तक बाजारात आलं. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. एकूण साठ निरीक्षणं, आणि ताम्रपटांवरून छापलेली मोठमोठी चित्रं. चित्रकाराकडे घालवलेले थोडे दिवस वाया गेले नव्हते. पिसूचं चित्र तर इतकं मोठं, की पान घड्या घालून पुस्तकात बसवावं लागलं आणि उलगडलं की मांजराएवढी पिसू समोर! सॅम्युअल पीप्स हा नौदलातला अधिकारी हे पुस्तक रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसला होता, अशी त्याच्या डायरीत नोंद आहे.

पुस्तकाची सुरुवात हूकने सुईच्या टोकापासून आणि वस्तऱ्याच्या धारेपासून केली. माणसाने घासूनपुसून केलेली टोकदार सुई भिंगाखाली बोथट आणि खडबडीत दिसते, आणि माशीचा डोळा किंवा पिसूचं अंग मात्र जितकं मोठं करावं तितकं रेखीव दिसतं. मॅन्युफॅक्चरिंगवाल्यांनी याला सरफेस फिनिशचा पहिला धडा म्हणायला हरकत नाही.

कामाची पद्धतही बघण्यासारखी होती. उजेड पुरेना म्हणून दिव्यासमोर पाणी भरलेला काचेचा गोळा ठेवून त्याने प्रकाश एकवटला. मुंगी स्थिर बसेना म्हणून तिला दारूत बुडवलं. ती तासभर निपचित पडली, तेवढ्यात याने चित्र काढून घेतलं, आणि मग ती उठून चालती झाली. ऊ रक्त कशी पिते हे बघायला तिला स्वतःच्या हातावर सोडलं.

याच पुस्तकातलं अठरावं निरीक्षण आपल्या कामाचं. हूकने बाटलीच्या बुचाचा एक तुकडा घेतला. वस्तऱ्यासारख्या धारदार चाकूने आधी एक बाजू गुळगुळीत केली आणि मग त्यावरून अगदी पातळ काप काढला. काप पांढुरका, म्हणून तो काळ्या पट्टीवर ठेवला आणि एका जाड भिंगातून त्यावर प्रकाश टाकला. त्याचा मायक्रोस्कोप वस्तू पन्नास पटीच्या आसपास मोठी दाखवायचा. आज आपल्याला हे काहीच वाटत नाही. पण त्याला जे दिसलं ते आधी कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. बूच भरीव नव्हतं. मधाच्या पोळ्यासारखं ते छोट्या छोट्या कप्प्यांनी भरलेलं होतं, आणि प्रत्येक कप्प्याला स्वतःच्या भिंती होत्या. या कप्प्यांना त्याने सेल हा शब्द वापरला. सेल म्हणजे लहानशी खोली, जशी मठातल्या साधूची असते. आपण मराठीत पेशी म्हणतो.

दुसरा कोणी असता तर आश्चर्य करून थांबला असता. हूक मोजायला बसला. एका इंचाच्या अठराव्या भागात त्याला ओळीने साठ खोल्या दिसल्या. म्हणजे एका इंचात १०८०. एका चौरस इंचात ११ लाख ६६ हजार ४००. आणि एका घन इंचात सव्वाशे कोटींहून जास्त. कॅल्क्युलेटर काढून पडताळून बघा. इंचाला १०८० ने भागलं तर एक खोली सुमारे २३ ते २४ मायक्रॉनची येते, आणि बुचाच्या पेशीचा आकार आजही साधारण याच घरात धरला जातो. पन्नास पटीच्या, कडेला रंगीत झालर दाखवणाऱ्या भिंगातून केलेलं हे मोजमाप आहे.

आता स्प्रिंगची गोष्ट. बूच पाण्यावर का तरंगतं? दाबलं की दबतं आणि सोडलं की पुन्हा का फुगतं? बाटलीच्या तोंडात इतकं घट्ट का बसतं? हूकला उत्तर समोरच दिसत होतं. एवढ्या सगळ्या बंद खोल्यांत हवा कोंडलेली आहे. हवा हलकी म्हणून बूच हलकं. हवा दाबली की उसळते म्हणून बूच उसळतं. बॉइलच्या पंपावर शिकलेली हवेची स्प्रिंग त्याला बुचात सापडली. म्हणजे पेशीचं पहिलं वर्णन हे खरं तर एका मटेरियलच्या गुणधर्माचं स्पष्टीकरण होतं. ताणलं, दाबलं की वस्तू कशी वागते, हा प्रश्न घेऊन तो भिंगाजवळ गेला आणि त्याला पेशी भेटली.

सुट्टीतलं हॉस्टेल

मात्र हूकने जे पाहिलं ते नक्की काय होतं, हे नीट समजून घ्यायला हवं. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. त्यातल्या पेशी कधीच मरून गेलेल्या. मे महिन्याच्या सुट्टीत हॉस्टेलमध्ये चक्कर मारली तर काय दिसेल? कॉरिडॉर आहे, खोल्या आहेत, भिंती जागच्या जागी आहेत, पण आत कोणी नाही. हूकने पाहिलं ते हे सुट्टीतलं हॉस्टेल. वनस्पतीच्या पेशीभोवती असते ती भक्कम पेशीभित्तिका, तेवढीच त्याला दिसली. काही हिरव्या झाडांच्या कापांत खोल्या रसाने भरलेल्या आहेत असंही त्याने नोंदवलं. पण हा रस इकडून तिकडे नेणाऱ्या या नळ्या असाव्यात असं त्याला वाटलं, आणि एका खोलीतून दुसरीत जायचं दार तो शोधत राहिला. सगळे सजीव पेशींचेच बनलेले आहेत, असं काही त्याने म्हटलेलं नाही. ते त्याच्या नावावर टाकू नये.

भरलेल्या हॉस्टेलमध्ये काय काय असतं ते कळायला फार काळ जावा लागला. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने पेशीतल्या केंद्रकाला नाव दिलं. १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींसाठी आणि १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांसाठी सांगितलं की सजीवाचं शरीर पेशींचंच बनलेलं असतं. पेशी पेशीपासूनच जन्मते, हा मुद्दा १८५५ मध्ये विर्शोने ठासून मांडला. हूकपासून श्वानपर्यंत १७४ वर्षं गेली. एक कारण तांत्रिक होतं. भिंगातला रंगदोष घालवणारे चांगले मायक्रोस्कोप १८३० च्या सुमारास मिळू लागले. आणि साध्या प्रकाशाने पाचव्या हिश्श्याच्या मायक्रॉनपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही, म्हणून पेशीचं आतलं सामान नीट बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची वाट बघावी लागली. तो १९३१ साली आला.

आज आपल्याला माहीत आहे की प्रत्येक पेशीला मेदद्रव्याच्या दुहेरी थराचं प्रद्रव्यपटल असतं. जाडी फक्त सात-आठ नॅनोमीटर, पण आत कोण यायचं आणि बाहेर कोण जायचं हे तेच ठरवतं. अगदी आपल्या गेटवरच्या वॉचमनसारखं. आत पेशीद्रव्य, आणि त्यात केंद्रक. माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडला तर जवळजवळ दोन मीटर भरतो, आणि तो काही मायक्रॉनच्या केंद्रकात गुंडाळून बसवलेला असतो. तंतुकणिका, म्हणजे आपल्या ओळखीचं मायटोकॉन्ड्रिया, हे पॉवर हाऊस. तिथे एटीपी बनवणारं जे प्रथिन आहे, ते चक्क फिरणारं मोटर आहे. त्याला शाफ्ट आहे, रोटर आहे, आणि तो सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेऊ शकतो. रायबोसोम हे प्रथिनं जोडणारं यंत्र. माल पॅक करून पाठवणारे गॉल्गी पिंड, कचरा जिरवणाऱ्या लयकारिका, वनस्पतीत सूर्यप्रकाश पकडणारी हरितलवकं. यातलं काहीही हूकला दिसणं शक्य नव्हतं. पण खोली सापडली नसती तर आत कोण राहतं हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

सापडलेली खोली आणि तिच्यातले रहिवासी यांची एक गाठ मात्र हूकच्या हयातीतच पडली, आणि तीही त्याच्याच हातून. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हनहूक हा एका इवल्याशा भिंगाचे मायक्रोस्कोप करायचा. असं काचेच्या थेंबाचं भिंग कसं करायचं हे हूकने मायक्रोग्राफियाच्या प्रस्तावनेत लिहिलंच होतं. पण डोळ्यांना फार त्रास होतो म्हणून त्याने स्वतः ते फारसं वापरलं नाही. लेव्हनहूकने ती वाट धरली आणि पावणेतीनशे पटीच्या आसपास मजल मारली. १६७६ मध्ये त्याने रॉयल सोसायटीला कळवलं की पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव वळवळताना दिसतात. लंडनमध्ये कोणाचा विश्वास बसेना. मग काम आलं हूककडे. त्याने पाण्यात मिरे भिजत घातले, नवीन भिंगं तयार केली, बारीक काचेच्या नळ्यांत पाणी घेतलं, आणि १६७७ च्या नोव्हेंबरात सभासदांना ते जीव डोळ्यांनी दाखवले. शिक्षण नाही, लॅटिन येत नाही असा एक परदेशी दुकानदार खरं बोलतोय, हे लंडनला हूकच्या खटपटीमुळे पटलं. हूक भांडखोर होता असं आपण पुढे वाचणार आहोत, म्हणून ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

जळालेलं शहर आणि चौदा अक्षरं

२ सप्टेंबर १६६६ ला लंडनला आग लागली आणि ती चार-पाच दिवस जळत राहिली. १३ हजारांवर घरं आणि ८७ चर्चेस खाक झाली. शहर पुन्हा उभं करायला सर्व्हेअर हवे होते. हूकची नेमणूक झाली. पुढची काही वर्षं हा कुबड आलेला माणूस सकाळी राखेच्या ढिगाऱ्यांत खुंट्या ठोकून रस्ते आणि जोती आखायचा, शेजाऱ्यांची सामाईक भिंतीवरून चाललेली भांडणं सोडवायचा, दुपारी कॉफीहाऊसमध्ये मित्रांशी वाद घालायचा आणि बैठकीच्या दिवशी सोसायटीत प्रयोग दाखवायचा. आर्किटेक्ट ख्रिस्तोफर रेन हा त्याचा जिवलग मित्र. आगीची आठवण म्हणून दोघांनी उभारलेला मॉन्युमेंट नावाचा २०२ फुटी स्तंभ आजही लंडनमध्ये आहे. सिव्हिलवाल्यांसाठी आणखी एक. टांगलेली साखळी जो आकार घेते तोच उलटा केला की कमानीचा योग्य आकार मिळतो, हे हूकने ओळखलं. साखळीत फक्त ताण, तर उलट्या कमानीत फक्त दाब. सेंट पॉलच्या घुमटामागे हाच विचार आहे.

पण हूकची एक खोड होती. तो शोध लावायचा आणि तो पुरा लिहून काढायच्या आधी दुसऱ्याच्या मागे लागायचा. मग आपली कल्पना कोणी पळवू नये म्हणून ती कोड्यात घालून ठेवायचा. स्प्रिंगचा नियम त्याने १६७६ मध्ये नुसत्या चौदा अक्षरांच्या रूपात छापला, तीही वर्णक्रमाने लावून. वाचणाऱ्याला काडीचं कळू नये आणि उद्या कोणी दावा केला तर पुरावा मात्र हातात असावा. उत्तर त्याने १६७८ मध्ये दिलं, की स्प्रिंग जेवढी ताणावी त्या प्रमाणात तिचं बळ वाढतं. आपण जो नियम एका ओळीत लिहून दोन मार्क मिळवतो, तो जगापुढे असा आला.

या खोडीची किंमत त्याने पुरेपूर मोजली. १६७५ मध्ये स्प्रिंगच्या घड्याळावरून डच शास्त्रज्ञ हायगेन्सशी त्याचं वाजलं. हूकने ही कल्पना बरीच आधी काढली होती, पण पुरी केली नव्हती. आणि मग न्यूटन. १६७२ मध्ये न्यूटनने प्रकाशावरचा निबंध पाठवला, तेव्हा हूकने तो काहीशा वडीलकीच्या सुरात खोडून काढला. न्यूटनने ते कधी विसरलं नाही. १६७९-८० मध्ये दोघांची ग्रहांच्या गतीवर पत्रापत्री झाली. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आकर्षण कमी होतं, ही कल्पना हूकने त्यात मांडली होती. १६८६ मध्ये न्यूटनचं प्रिन्सिपिया छापायला निघालं तेव्हा हूकने आपल्या नावाचा उल्लेख मागितला. न्यूटन भडकला आणि त्याने पुस्तकातले हूकचे उल्लेख उलट कमी केले.

यात खरं कोणाचं? सरळ सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं. कल्पना हूकजवळ होती, पण तिच्यावरून ग्रहांची कक्षा गणिताने सिद्ध करणं त्याला जमलं नाही. ते न्यूटनने केलं. मात्र एक ओळ आभार मानले असते तर प्रिन्सिपियाची उंची इंचभरही कमी झाली नसती.

उरलं काय?

हूकने लग्न केलं नाही. पुतणी ग्रेस त्याच्या घरी राहायची. १६८७ मध्ये ती गेली आणि हूक मनाने खचला. शेवटची वर्षं आजारपणात, जवळजवळ आंधळेपणात आणि लोकांवर संशय घेण्यात गेली. ३ मार्च १७०३ रोजी ग्रेशॅम कॉलेजमधल्या आपल्या खोलीत तो वारला. जवळपास चाळीस वर्षं तो तिथेच राहत होता. खोलीतल्या लोखंडी पेटीत आठ हजार पौंडांहून जास्त रोकड निघाली. सर्व्हेअर म्हणून कमावलेले पैसे. जन्मभर तो चिक्कूसारखा राहिला होता, आणि मृत्युपत्रही केलं नव्हतं.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. १७०४ मध्ये त्याने ऑप्टिक्स छापलं. हूक जिवंत असेपर्यंत त्याने ते थांबवून धरलं होतं. १७१० मध्ये सोसायटी नव्या जागेत गेली. या सगळ्या हलवाहलवीत हूकची उपकरणं नाहीशी झाली आणि त्याचं चित्रही. न्यूटनने ते मुद्दाम नष्ट केलं असं बरेचजण रंगवून सांगतात. पण त्याला पुरावा नाही. कोणी जाळायची गरजही नसते. ज्याची आठवण ठेवणारं कोणी उरलेलं नाही, त्याचं सामान शिफ्टिंगमध्ये आपोआप हरवतं.

पुढे दोनेकशे वर्षं हूक म्हणजे न्यूटनशी भांडलेला एक कुरकुऱ्या म्हातारा, एवढीच ओळख शिल्लक होती. विसाव्या शतकात त्याची डायरी छापली गेली आणि लोक पुन्हा बघायला लागले. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका घरातल्या कपाटात त्याच्या हातच्या पाचशेहून जास्त पानांचं बाड सापडलं. रॉयल सोसायटीने सुमारे दहा लाख पौंड उभे करून ते परत मिळवलं. ज्या सोसायटीने त्याचा पगार थकवला होता, तिनेच!

आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. २००९ चं केमिस्ट्रीचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांनी पेशीतल्या रायबोसोमची रचना अणू-अणूपर्यंत उलगडली. त्यातले वेंकटरामन रामकृष्णन तमिळनाडूत जन्मले, बडोद्यात फिजिक्स शिकले आणि पुढे बायोलॉजीकडे वळले. २०१५ ते २०२० या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. हूकने खोली दाखवली त्याच संस्थेच्या अध्यक्षपदी त्या खोलीतलं एक यंत्र उलगडणारा माणूस बसला.

आपल्या ब्रँचच्या मुलांनी बायोलॉजीकडे का बघावं, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. आज जिवंत पेशी मऊ आहे की कडक हे मोजतात तेव्हा अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपची एक इवलीशी कँटिलिव्हर तिच्यावर टेकवतात. कँटिलिव्हर किती वाकली ते मोजायचं, तिच्या स्प्रिंग कॉन्स्टंटने गुणायचं, की बळ मिळालं. कॅन्सरच्या पेशी बरेचदा निरोगी पेशींपेक्षा मऊ भरतात, हे अशा मोजमापांतून दिसलं आहे. म्हणजे हूकच्या खोलीची भिंत हूकच्याच नियमाने चाचपून बघितली जाते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, पण त्यांची अशी भेट व्हायला तीनशे वर्षं लागली.

यूटीएमवर रॉड लावाल तेव्हा त्या सरळ रेषेकडे एकदा नीट बघा. ज्याचा चेहरा हरवला त्या माणसाची ती सही आहे.